पतंगांच्या वाटेला जाताना

मागच्या अंकात माझी ओळख ‘फुलपाखरांच्या बाई’ अशी छापून आली आणि पत्रांचा गठ्ठाच आला. खरं सांगायचं तर एका संग्रहालयाच्या कीटक विभागात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली जेमतेम चार फुलपाखरांच्या वाट्याला आली. बाकी सगळी पतंगांची. तेही कुठले, तर पाठ उंटासारखी वर उचलून वीत-वीत मोजत चालणाऱ्या अळ्यांचे, फिकट, कागदासारखे पतंग. पण ‘पतंगांच्या बाई’ असं छापलं असतं तर निम्म्या वाचकांनी मांजाबद्दल विचारलं असतं, म्हणून संपादकांना माफ केलं. बरीचशी पत्रं एकाच अर्थाची होती, ती एकत्र करून उत्तरं देते आहे.

प्रश्न : मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून फुलपाखरांचं वेड आहे, मोबाइलमध्ये हजारभर फोटो आहेत. यातच करिअर करायचं ठरवलं आहे. कोणते विषय घेऊ? आणि रोजचं काम नेमकं काय असतं?

उत्तर : विषयांचं आधी सांगून टाकते, ते सोपं आहे. प्राणिशास्त्र किंवा शेतीशास्त्राची पदवी, पुढे कीटकशास्त्र, आणि संशोधनातच राहायचं असेल तर पीएच.डी. वनस्पतिशास्त्र सोडू नकोस. अळी ओळखायच्या आधी ती ज्या झाडावर बसली आहे ते ओळखावं लागतं, आणि बहुतेक वेळा झाड कळलं की अळीचं निम्मं कोडं सुटतं. संख्याशास्त्राची भीती वाटत असेल तर ती आत्ताच घालव, मी ती पस्तिशीपर्यंत सांभाळली आणि फार पस्तावले.

आता रोजचं काम. रानात हिंडणं असतं, पण वर्षातले काही आठवडे. बाकीचे दिवस टेबलाशी. समज, बाहेरून आणलेले पतंग कागदी पुड्यांमध्ये वाळून कडक झालेत. तसेच उघडायला गेलं तर पंख मोडतात. म्हणून ते आधी ओलसर डब्यात दीड-दोन दिवस ठेवून मऊ करायचे. मग छातीच्या बरोबर मधून टाचणी, आणि मधोमध खाच असलेल्या लाकडी फळीवर शरीर त्या खाचेत. पंख हाताने धरायचे नाहीत, कारण बोटाला जी पूड लागते ते त्यांचे खवले असतात, रंग आणि नक्षी सगळी त्यातच. बारीक सुईचं टोक पंखाच्या पुढच्या जाड शिरेमागे अडकवायचं आणि पंख हळूच वर सरकवायचा, पुढच्या पंखाची मागची कडा शरीराशी काटकोनात येईपर्यंत. वरून पारदर्शक कागदाची पट्टी आणि पट्टीच्या बाजूने टाचण्या. हे चारही पंखांना. पतंग नखाएवढा असतो आणि तुला नेमकी तेव्हाच शिंक येते.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नव्या मुलांना ती सर्वांत कंटाळवाणी वाटते : लेबल. बोटाच्या पेराएवढी कागदाची चिठ्ठी. जागा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कोणी पकडला, दिव्यावर आला की झाडावर होता. ती त्याच टाचणीत, पतंगाच्या खाली. तिच्याशिवाय पतंग म्हणजे नुसती शोभेची वस्तू.

हे मी कशी शिकले ते सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष. तीन वेगवेगळ्या जागांचे त्रेचाळीस पतंग मऊ करायला ठेवले होते. चिठ्ठ्या ओल्या होऊ नयेत म्हणून काढून एका ताटलीत क्रमाने मांडल्या आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन खिडकी उघडली. वाऱ्याची एक झुळूक पुरली. माझ्याकडे त्रेचाळीस पतंग राहिले आणि जमिनीवर त्रेचाळीस चिठ्ठ्या, आणि कोणती कोणाची हे सांगायला कोणी नाही. माझे वरिष्ठ रागावले नाहीत. त्यांनी त्रेचाळीस कोऱ्या चिठ्ठ्या पुढ्यात ठेवल्या आणि प्रत्येकीवर ‘जागा अनिश्चित’ असं लिहायला सांगितलं. सुवाच्य अक्षरात. ते पतंग अजूनही एका खणाच्या शेवटच्या ओळीत आहेत. त्यातला एकही आजवर कोणाच्या अभ्यासात आला नाही, येणारही नाही.

तर तुझ्या त्या हजार फोटोंपैकी कितींना तारीख, जागा आणि झाडाचं नाव आहे ते मोज. जेवढ्यांना आहे तेवढं तुझं काम सुरू झालेलं आहे.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने कुंडीतल्या लिंबावरच्या पाच अळ्या बरणीत पाळल्या. तीन फुलपाखरं झाली, एक अळी मेली. पाचव्या कोषाला मात्र टाचणीएवढं भोक पडलं आणि त्यातून तीस-चाळीस इवल्याशा माश्या बाहेर आल्या. तो इतका हिरमुसला की बरणी उचलून फेकून दिली. ताई, त्याचं काही चुकलं का? पुन्हा पाळू द्यावं का?

उत्तर : चुकलं काहीच नाही. उलट या पानावर आलेल्या सगळ्या पत्रांत चिरंजिवांचा अनुभव सर्वांत भारी आहे, त्यांना तसं नक्की सांगा.

त्या माश्या म्हणजे अगदी लहान जातीच्या परजीवी गांधीलमाशा. अशा काही जातींची मादी चतुर असते. अळी कोष करायच्या बेतात आली की ती आसपास घुटमळते, आणि कोषाचं कवच नवं, मऊ असतानाच त्याला नळी टोचून आत अंडी घालते. मग आतल्या आत तिची पिल्लं पोसली जातात आणि एक दिवस सगळी मिळून एकाच भोकातून बाहेर. बरणी झाकलेली नसली, किंवा कोष बाहेर झाडावरच झाला असला, तर हे घडायचंच.

मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीचं नाव त्याला सांगा. जन्म १६४७. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली. किडे चिखलातून आपोआप उपजतात असं तेव्हा बरेच शहाणे लोक मानत. ती मात्र अळी, तिचं झाड, कोष आणि पाखरू एकाच चित्रात काढत गेली. तिच्याही कोषांतून पुष्कळदा पाखराऐवजी माश्याच निघत. तिने ते कोष फेकून दिले नाहीत, त्या माश्यांचीही नोंद केली आणि चित्रं काढली. पुढे १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. कशासाठी, तर अळ्या बघायला.

पुन्हा पाळू द्या, जरूर द्या. बरणीच्या तोंडाला झाकणाऐवजी पातळ कापड बांधा, पानं रोज ताजी, विष्ठा रोज साफ. तळाशी पाणी साचू देऊ नका, अळ्या भुकेपेक्षा बुरशीने जास्त मरतात. आणि एक वही. अळी कुठे सापडली, कात कधी टाकली, कोष कधी केला, त्यातून काय निघालं. पुन्हा माश्या निघाल्या तर त्या आणि रिकामा कोष एका छोट्या बाटलीत जपून ठेवायला सांगा. कोणत्या अळीत कोणती गांधीलमाशी वाढते याच्या खात्रीच्या नोंदी अजूनही फार थोड्या जातींच्या आहेत. अशी एखादी बाटली कोणी आणून दिली की आम्ही चहा टाकून उठतो.

प्रश्न : मॅडम, स्पष्ट विचारतो, राग मानू नये. ज्यांच्यावर प्रेम आहे म्हणता त्यांनाच मारून टाचण्या कशा टोचता? आता डीएनएवरून ओळख पटते म्हणतात, फोटोही उत्तम निघतात. मग हे सगळं हवंच कशाला?

उत्तर : राग कसला, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडतो आणि तो पडेनासा झाला तर मी टाचणी खाली ठेवीन.

फोटोचं आधी. मोठ्या, ठळक नक्षीच्या फुलपाखरांना फोटो पुरतो आणि तिथे मारण्याचं काही कारण नाही. मी स्वतः कित्येक वर्षांत फुलपाखरू मारलेलं नाही. पण फुलपाखरं आणि पतंग मिळून आजवर सुमारे १ लाख ६० हजार जातींची नोंद आहे, त्यात फुलपाखरं साधारण १८-१९ हजार. उरलेल्या पतंगांमध्ये हजारो असे आहेत की बाहेरून एकासारखा दुसरा. फरक असतो तो पोटाच्या टोकाला, जननेंद्रियांत. ते बघायला पोटाचा भाग सोडवून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवायचा, मांस विरघळलं की उरलेला पारदर्शक सांगाडा कुंचल्याने साफ करायचा आणि काचपट्टीवर पसरायचा. नर-मादीचे ते अवयव कुलूप-किल्लीसारखे जातीगणिक वेगळे असतात असं पूर्वी सरसकट म्हणत. तेवढं काटेकोर नसतं ते, पण ओळखायला फार कामाचं. फोटोत हे दिसत नाही.

डीएनएबद्दल एक उदाहरण देते, मला ते फार आवडतं. अ‍ॅस्ट्राप्टीस फुल्गरेटर नावाचं निळसर झाक असलेलं एक फुलपाखरू १७७५ पासून एकच जात म्हणून माहीत होतं. २००४ मध्ये कोस्टारिकाच्या एका भागातल्या नमुन्यांचा डीएनए तपासला आणि कळलं की तिथे त्या एका नावाखाली दहा जाती नांदत असाव्यात. बातमी डीएनएची झाली. पण त्यामागे पंचवीसहून अधिक वर्षं अळ्या पाळणारी माणसं होती. पाखरं सारखी दिसली तरी अळ्यांचे रंग वेगळे आहेत आणि त्या वेगवेगळ्या झाडांवर वाढतात, हे डॅनियल जॅन्झेन, विनिफ्रेड हॉलवॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो नमुन्यांवर टिपून ठेवलं होतं. प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी होती म्हणून डीएनएच्या आकड्यांना अर्थ आला. नाहीतर नुसते दहा ढीग पडले असते आणि कोणाचा कोण हे कळलं नसतं.

मारायचं ते कामापुरतं, परवानगी घेऊन. जी जात आधीच मोजकी उरली आहे तिला हात लावायचा नाही. पुष्कळदा एक पाय पुरतो, पाखरू पाच पायांवर उडून जातं. या नियमांनी मन पूर्ण शांत होतं असं मात्र मी म्हणणार नाही.

प्रश्न : मला संवर्धनात काम करायचं आहे. टाचण्या, अळ्या, वर्गीकरण यांत रस नाही. जंगल वाचवलं की फुलपाखरं आपोआप वाचतात ना?

उत्तर : ‘आपोआप’ या शब्दाने एका फुलपाखराचा बळी घेतला आहे. ब्रिटनमध्ये ‘लार्ज ब्लू’ नावाचं निळं फुलपाखरू होतं, वरचेवर कमी होत चाललेलं. संग्राहक पकडून नेतात म्हणून कमी होतं, असं सगळ्यांना वाटलं. मग राखीव जागेला कुंपण घातलं, माणसं बाहेर, चरणारी जनावरंही बाहेर. फुलपाखरू तरीही गेलंच.

कारण त्याची अळी. थाइम या बुटक्या सुगंधी वनस्पतीच्या फुलांवर ती जेमतेम दोन-तीन आठवडे वाढते आणि मग जमिनीवर पडते. लाल मुंग्यांना ती आपलंच पिल्लू वाटते, त्या तिला उचलून वारुळात नेतात, आणि ही पुढे दहा महिने मुंग्यांची पिल्लं खाऊन गब्बर होते. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात या फुलपाखरांच्या शेवटच्या वसाहतीजवळ मुक्काम ठोकून शोधून काढलं की कोणतीही लाल मुंगी चालत नाही, मिरमिका साबुलेटी हीच एक जात लागते. आणि ही मुंगी उन्हाने तापलेल्या जमिनीत राहते. चराई थांबली की गवत काही सेंटिमीटर वाढतं, जमीन दोन-तीन अंशांनी थंड होते, ही मुंगी जाते, तिच्या जागी दुसऱ्या मुंग्या येतात आणि त्यांच्या वारुळात अळ्या जगत नाहीत. हे कळेपर्यंत उशीर झाला होता. १९७९ मध्ये ब्रिटनमधून ते नाहीसं झालं. पुढे गवत पुन्हा चरवून आखूड ठेवलं, स्वीडनमधून अळ्या आणल्या, आणि आता ते तिथे पुन्हा उडतं आहे.

कुंपण घालणाऱ्यांचं मन साफ होतं. त्यांना मुंगी ओळखता येत नव्हती. तेव्हा संवर्धनात अवश्य जा, पण अळ्या आणि वर्गीकरण नको म्हणून जात असशील तर विचार कर.

प्रश्न : सगळं छान, पण पोट भरतं का?

उत्तर : एका ओळीत आलेलं पत्र, आणि घरोघरी विचारला जाणारा खरा प्रश्न हाच.

फक्त सुंदर पाखरांवर जगणारी माणसं जगात फार थोडी. संग्रहालयं आणि विद्यापीठांतल्या जागा मोजक्या, त्या रिकाम्या होतात तेव्हा वाट बघणाऱ्यांची रांग असते. मला मिळाली त्यात नशिबाचा भाग मोठा होता आणि हे मी नम्रपणाने म्हणत नाही, तसंच होतं. मधली बरीच वर्षं तात्पुरत्या प्रकल्पांवर जातात, आज आहे, उद्या निधी संपला.

नोकऱ्या आहेत त्या अळ्यांमध्ये. पिकं खाणाऱ्या किडींत पतंगांच्या अळ्यांचा वाटा प्रचंड आहे. अमेरिका खंडातली लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत सापडली आणि दोन-तीन वर्षांत आशियाभर पसरली. अशा वेळी मक्याच्या पोंग्यातली अळी हातात घेऊन ‘ही ती आहे’ किंवा ‘ही ती नाही’ असं खात्रीने सांगणारा माणूस लागतो. बंदरांवर, विमानतळांवर, बियाणं आणि फळं तपासणाऱ्या कचेऱ्यांत, कृषी संशोधन केंद्रांत, रेशीम उद्योगात ही माणसं काम करतात. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नरांना ओढणारे सापळे, हा आणखी एक मोठा भाग. रेशमाच्या मादीचा गंध रसायन म्हणून पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५९ मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ बुटेनांट आणि सहकाऱ्यांनी सुमारे पाच लाख पतंग माद्यांच्या ग्रंथी गोळा करून. आज त्याच कल्पनेवर फळबागांत किडीच्या नरांना चकवलं जातं.

आणि कधी कधी अळीच कामाला येते. ऑस्ट्रेलियात निवडुंगाने कोट्यवधी एकर जमीन गिळली होती. १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची अंडी आणली, आणि काही वर्षांत अळ्यांनी निवडुंग आतून पोखरून आडवा केला. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावी या पतंगाच्या नावाने १९३६ मध्ये सभागृह बांधलं. तोच पतंग पुढे कॅरिबियनमार्गे उत्तर अमेरिकेत पोचला, तिथे निवडुंग मूळचा आहे आणि पतंग उपरा, त्यामुळे तिथे तो शत्रू ठरला. एकच किडा. कीटकशास्त्रज्ञाची नोकरी दोन्हीकडे.

प्रश्न : मी चौतिशीचा, बँकेत नोकरी, वाणिज्य शाखेचा. रात्री गच्चीवरच्या दिव्यावर येणारे पतंग बघतो. माझ्यासाठी उशीर झाला आहे का?

उत्तर : नोकरी सोडू नका, आणि गच्ची तर मुळीच सोडू नका. हेन्री बेट्स हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक तेराव्या वर्षी शाळा सोडून मोजे-गंजीफ्रॉकच्या धंद्यात उमेदवारी करत होता. तो अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षं राहिला आणि चवदार फुलपाखरं बेचव फुलपाखरांचं सोंग घेतात हे त्याने १८६२ मध्ये मांडलं. एडवर्ड मेरिक इंग्लंडात शाळामास्तर होता. शाळा सांभाळून त्याने चौदा हजारांहून जास्त बारक्या पतंगांची वर्णनं लिहिली. पण तो साध्या भिंगावर भागवायचा, जननेंद्रियं बघायला तयार नसे, आणि त्याच्या नमुन्यांचा गुंता सोडवताना पुढच्यांना आठ जाड खंड लिहावे लागले. म्हणून मेरिकचा उत्साह घ्या, हट्ट घेऊ नका.

तुम्ही एकच करा. तीच गच्ची, तोच दिवा, ठरलेला वार, ठरलेला एक तास, सलग पाच वर्षं. किती आले, कोणते आले, चंद्र होता का, वारा होता का. एकही पतंग आला नाही तर ‘शून्य’ असं लिहा, ती रात्र गाळू नका. आम्हा पगारी लोकांना एका जागी पाच वर्षं सलग बसायला कोणी देत नाही.

प्रश्न : पतंगांच्या खवल्यांची अ‍ॅलर्जी असते का?

उत्तर : असते. या कामात वर्षानुवर्षं राहिलेल्या कित्येकांना शिंका, दम्याचा त्रास होतो. मलाही आहे. मास्क लावते. केसाळ अळीला मात्र कोणीच, कधीच, उघड्या हाताने उचलू नये.

प्रश्न : पहिल्यांदाच रात्री पतंग बघायला जाणार आहे. सोबत काय न्यावं?

उत्तर : पांढरी चादर, दोरी, दिवा, आणि शक्यतो अमावास्येच्या आसपासची रात्र. चंद्र असला की पतंग दिव्याकडे कमी येतात. वही आणि पेन्सिल, पेन नको, दवाने शाई पसरते. मध्यरात्रीनंतर थांबा, काही मोठे पतंग तेव्हाच येतात आणि लोक नेमके तेव्हा झोपायला गेलेले असतात.

आणि कानात कापसाचे बोळे घाला. हसू नका. एकदा मी घातले नव्हते आणि एक बारका पतंग सरळ उजव्या कानात शिरला. आत फडफडायला लागला की डोक्यात ढोल वाजल्यासारखं होतं. डॉक्टरांनी तेलाचे थेंब घालून त्याला बाहेर काढला आणि टाकणार, तेवढ्यात मी हात धरला. घरी नेऊन भिंगाखाली पाहिला. खवले सगळे झडले होते, जात काही कळली नाही. टाचणी मात्र लावली आणि खाली चिठ्ठी. जागा, तारीख, वेळ रात्री पावणेदोन. ‘कशावर सापडला’ या रकान्यात काय लिहावं याचा थोडा विचार केला आणि मग लिहिलं : संकलकाचा उजवा कान.